नाचणीच्या गावरान वाणांसाठी कोणता मार्कर (डीएनएमधला फरक दाखवणारी खूण)? (बजेट ४० हजार)

डोंगरमाथा:
पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतून नाचणीचे २४ गावरान वाण जमवलेत. तुलनेला फुले नाचणी आणि दापोली-१, म्हणजे एकूण २६. एमएस्सीचा प्रकल्प, कॉलेज कराडला. पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं), आडवी जेल टाकी (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी) आणि यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटर आहे, उभी टाकी नाही. प्राइमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि रसायनं मिळून ४० हजारांत बसवायचंय. एका खोऱ्यातली नाचणी दुसऱ्या खोऱ्यातल्यापेक्षा खरंच वेगळी आहे की नुसती नावं वेगळी, एवढंच बघायचंय. आरएपीडी (कुठेही चिकटणारे छोटे प्राइमर), एसएसआर (रिपीट, म्हणजे डीएनएत पुन्हापुन्हा येणारी छोटी अक्षरमालिका) की आयएसएसआर (दोन रिपीटांमधला भाग)?

कृष्णाकाठ:
यातलं काहीच नको, थेट जीबीएस (जीनोमचे भाग वाचून फरक शोधणं) करा. हजारो एसएनपी (एका अक्षराचे फरक) एका दमात मिळतात, बँड (जेलवरच्या रेघा) मोजत बसायला नको. आजकाल परीक्षकही तेच विचारतात.

बँड_मोजणारा:
कृष्णाकाठ, शीर्षकातला आकडा वाचलात का? जीबीएस ९६ च्या प्लेटच्या हिशेबाने परवडतं, यांच्याकडे नमुने २६.
एसएसआर घ्या. नाचणीसाठी २००७ पासून यूजीईपी मालिकेचे प्राइमर उपलब्ध आहेत, त्यातले १५ पुरतील. एक लक्षात ठेवा: नाचणी चतुर्गुणित आहे, ३६ गुणसूत्रं, ए आणि बी असे दोन जनुकसंच. काही प्राइमर दोन्हीकडे चिकटतात, त्यामुळे शुद्ध वाणातही कायम दोन बँड दिसतात. त्याला विषमयुग्मज (एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती) समजून हेटेरोझायगॉसिटी काढली की सगळं गणित फसतं. असे बँड आहे-नाही, १-० असेच नोंदवा.

जतचा_बाजरीवाला:
नाचणी स्वपरागित, तिच्यात काय विविधता सापडणार? बाजरी घ्या. १४ गुणसूत्रं, द्विगुणित, परपरागित, २०१७ पासून जीनोमही उपलब्ध. माण, आटपाडी, जत इथं हवं तेवढं बी मिळेल.

सीटॅबवाली_काकू:
बाजरीवाले, उलटं आहे. परपरागित पिकात विविधता एकाच शेतातल्या झाडाझाडांत विखुरलेली असते. स्वपरागित पिकात ती वाणावाणांत जास्त दिसते. खोऱ्यांची तुलना करायला नाचणीच सोयीची.

मार्करवर भांडण्याआधी डीएनए नीट काढा. नाचणीच्या पानात चिकट शर्करा फार. १२-१५ दिवसांची रोपं घ्या आणि आधी दोन दिवस अंधारात ठेवा. बफर: २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट), १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २ टक्के पीव्हीपी. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के, तेही ऐनवेळी. ६५ अंशांवर तासभर, दर दहा मिनिटांनी नळी उलटीपालटी करायची. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१. इथं सेंट्रिफ्यूज थंड करू नका, १५ अंशांच्या खाली सीटॅब साका धरतं.

पेलेट (तळाशी बसलेला डीएनए) शेंबडासारखं बुळबुळीत आलं तर पीसीआर लागणार नाही. २६०/२८० (शुद्धता दाखवणारं प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) छान १.८ येईल, पण २६०/२३० एकच्या खाली, म्हणजे शर्करा राहिली. टीई बफरमध्ये विरघळवा, मीठ २ मोलरपर्यंत न्या आणि इथेनॉलने पुन्हा पाडा. मीठ जास्त असलं की शर्करा द्रावणातच राहते.

रात्रपाळी:
एसएसआरला +१. पण आडव्या टाकीत ३ टक्के अ‍ॅगरोजवर दोन-चार बेसचा फरक सुटत नाही. त्याला ६ टक्के अ‍ॅक्रिलमाइड आणि सिल्व्हर स्टेन हवं. उभी टाकी शेजारच्या विभागाकडून मागा. आणि मशीनला यूपीएस लावा. ३५ सायकलपैकी २० व्या सायकलला वीज गेली की अख्खी प्लेट वाया, वर दुकानदार म्हणतो एन्झाइम चांगलंच होतं.

कृष्णाकाठ:
म्हणून तर म्हणतोय, जीबीएस.

सीटॅबवाली_काकू:
आणखी एक. गावरान वाण म्हणजे एक झाड नव्हे. एकाच पोत्यात मिटल्या मुठीची आणि उघड्या बोटांची कणसं सापडतात. वाणाच्या आत किती फरक आहे ते कळल्याशिवाय वाणावाणांतला फरक मोजून अर्थ नाही. १२ वाण घ्या, प्रत्येकी ५ वेगळी रोपं.

बँड_मोजणारा:
काकूंशी सहमत. वाण कमी, झाडं जास्त.

डोंगरमाथा:
सगळ्यांचे आभार. ठरवलं: आयएसएसआर, २४ च्या २४ वाण, प्रत्येकी १० रोपांची पानं सारख्या वजनाने एकत्र. जमवलेले निम्मे वाण बाजूला ठेवणार नाही. आयएसएसआर १.८ टक्के अ‍ॅगरोजवर स्वच्छ दिसतं, टाकी मागायला नको. २६ नमुने आणि एक पाण्याचा कंट्रोल म्हणजे २७, एका ९६ च्या प्लेटमध्ये तीन प्राइमर बसतात. यूबीसी मालिकेचे प्राइमर ८०७, ८१०, ८३४, ८३५, ८४०, ८४१ घेतोय. आरएपीडी नाही, ३६ अंशांवर प्राइमर कुठेही चिकटतो.

बँड_मोजणारा:
एकत्र पानांत विरळ बँड बुडतात, ते मान्य करून चाललात तर ठीक. तिन्ही प्राइमरचं अ‍ॅनीलिंग (प्राइमर चिकटण्याचं) तापमान एकच असेल तरच एका प्लेटमध्ये घाला. निदान चार नमुने वेगळ्या डीएनएपासून पुन्हा चालवा आणि दोन्ही वेळा आलेलेच बँड मोजा. जॅकार्ड साम्यगुणांक वापरा, म्हणजे दोन्हीकडे बँड नाही हे साम्य धरलं जाणार नाही. आणि पीआयसी (मार्कर किती फरक दाखवतो त्याचा आकडा) ०.५ च्या वर आला तर सूत्र चुकलंय, डॉमिनंट (फक्त आहे-नाही दाखवणाऱ्या) मार्करला कमाल तेवढीच.

रात्रपाळी:
तुमचे सहाही प्राइमर एजी-जीए रिपीटचेच आहेत. त्यातले दोन काढून ८१७ आणि ८२५ घाला, ते सीए-एसीचे. नाहीतर एकाच जातीच्या रिपीटभोवतीचा जीनोम पुन्हापुन्हा मोजाल.

जतचा_बाजरीवाला:
बाजरीला हेच प्राइमर चालतात, सांगून ठेवतो.