फ्लॅटचं काम काढायचंय, आर्किटेक्ट नेमू का?

मी: काका, ताई, फ्लॅटचं काम काढायचं ठरवलंय. दोन्ही बाथरूम, किचन, सगळी वायरिंग. मी इथे परदेशात, मला सुट्टी मिळत नाहीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आर्किटेक्ट कशाला, ड्रॉइंग मीच फुकट करून देतो.

काका: मुळीच नको. काम करणाराच काम तपासणार, असं कसं चालेल? तू परदेशात आहेस म्हणून तर आर्किटेक्ट हवाच. आणि नुसत्या ड्रॉइंगचे पैसे ठरवू नकोस. साइटवर कोणत्या टप्प्याला येणार, ते करारात लिहून घे. ड्रॉइंग देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात.

ताई: त्याच शहरातला बघ, तिथले नियम आणि परवानग्या त्याला पाठ असतात. रजिस्ट्रेशन तपास. परदेशात बसून काम करून घेतलेला एखादा जुना क्लायंट त्याच्याकडे असेल तर त्याच्याशी फोनवर बोल. फोटो काय, सगळ्यांचेच छान असतात.

मी: लक्ष ठेवायला बाबा आहेत ना जवळ?

ताई: अरे नको. रोज त्या धुळीत जाऊन कॉन्ट्रॅक्टरशी वाद कोण घालणार? त्यांना नाही झेपणार ते आता.

काका: बरोबर बोलतेय ती. बाथरूमचं नीट ऐक. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी पाणी तुंबवून किमान 24 तास ठेवायचं आणि खालच्यांच्या छताला ओल येते का बघायचं. ती बघायला आर्किटेक्ट स्वतः हवा. भिंतीतले पाइप, वायरिंग प्लास्टरखाली जाण्याआधी शेजारी मेजरिंग टेप धरून फोटो काढायला सांग. पुढे ड्रिल मारताना तेच कामी येतात. भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

मी: आणि पैसे कसे द्यायचे?

काका: टप्प्याटप्प्याने. आर्किटेक्टने मोजमाप तपासून बिलावर सही केल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला पुढचा हप्ता नाही. 5 ते 10 टक्के राखून ठेव, दोषदुरुस्तीची मुदत संपली की दे. आर्किटेक्टची फी ठरावीक रकमेत ठरव. टक्केवारीत ठरवलीस तर खर्च वाढेल तशी तीही वाढते.

मावशी: सह्यांसाठी कोणाला सरसकट मुखत्यारपत्र देऊ नकोस हं. परवानगीच्या अर्जांपुरतंच दे, विक्री आणि बँक त्यात येता कामा नये.

मी: बरं. शनिवारी दोन आर्किटेक्टशी व्हिडिओ कॉल ठरवतो. काका, तुम्हीही याल ना?

काका: येतो. त्यांच्या कराराचे मसुदे शुक्रवारपर्यंत मला पाठव.