आई विसरू शकते असं बायबलच म्हणतं, मग देवाला ‘आईसारखा’ का म्हणायचं?

शरणपूररोडकर (धागाकर्ता)

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या देवळात मातृदिनाची उपासना झाली. (चर्चला आमच्या घरात देऊळच म्हणतात.) संडेस्कूलच्या पोरांनी सगळ्या बायांना एकेक गुलाब वाटला. एकेकाळी गुलशनाबाद म्हणवलेल्या गावात गुलाबाला काय तोटा! पाळकांनी यशयाच्या ४९व्या अध्यायातलं १५वं वचन घेतलं. त्याचा आशय असा : बाई आपल्या तान्ह्याला विसरेल का, पोटच्या पोराची तिला करुणा येणार नाही का? कदाचित ती विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. मग पाऊण तास उपदेश झाला तो आईवर. आईची भाकरी, आईचा पदर, तापात उशाशी बसलेली आई. ‘कदाचित ती विसरेल’ हे तीन शब्द वाचले गेले, पण तिथे कुणी थांबलं नाही.

माझ्या पुढच्या बाकावरची एक ताई मध्येच उठली. गुलाब बाकावर ठेवला, घरंगळू नये म्हणून देठ गीतांच्या पुस्तकाखाली सारला आणि बाहेर गेली. नंतर स्कूटरपाशी भेटली तेव्हा म्हणाली, “मला आजोळी टाकून आई गेली तेव्हा मी रांगत होते. परत फिरकली नाही. देव तिच्यासारखा असेल तर त्याला माझा लांबूनच नमस्कार.”

माझं म्हणणं असं की त्या ताईला ते वचन अर्धंच ऐकवलं गेलं. देव आईसारखा आहे असं तिथे म्हटलेलंच नाही. १४व्या वचनात सियोन, म्हणजे यरुशलेम, रडतेय की परमेश्वराने मला टाकलं, तो मला विसरला. इ.स.पू. ५८७च्या सुमाराला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने ते शहर पाडलं. त्याआधी लांबलचक वेढा. त्या वेढ्यात काय झालं ते विलापगीताच्या ४थ्या अध्यायात आहे : मायाळू बायांनी आपल्याच हातांनी आपली पोरं शिजवली. यशयाचे हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकले, त्यांच्या घरात अशा आठवणी होत्या. ते ‘कदाचित’ त्यांना अलंकार वाटलं नसेल.

म्हणजे माणसाला ठाऊक असलेलं सर्वांत मोठं माप घेतलं आणि तेही अपुरं पडतं असं तोंडावर सांगितलं. मातृदिनाला नेमकं उलटं शिकवतात. मला ही तुलनाच बंद करावीशी वाटते. बोला.

जेलरोडची मावशी

बंद कशाला करायची? एका वचनावरून धागा काढलास, बाकीची कुठे गेली? यशया ६६:१३ मध्ये सरळ लिहिलंय की आई जशी समजूत घालते तसं मी तुमचं सांत्वन करीन. स्तोत्र १३१ मध्ये जीव कसा शांत आहे, तर आईजवळच्या दूध तुटलेल्या मुलासारखा. दूध तुटलेलं हं, पिणारं नाही. म्हणजे आता काही मागायला नाही, नुसतं जवळ बसायला आलेलं. चार पोरं वाढवलेल्या बाईला हा फरक कळतो. प्रभू येशू स्वतःला काय म्हणतो? पिल्लं पंखाखाली घेणारी कोंबडी (मत्तय २३:३७). इंग्लंडातल्या ज्युलियन ऑफ नॉर्विच या साध्वीला १३७३ साली आजारपणात दर्शनं झाली, तीही येशूला आईच म्हणते. आम्ही कॅथलिक मरियेपाशी जातो ते वेगळंच.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला येऊन बघ. रांगेत निम्म्या बाया ख्रिस्ती नसतात. कडेवर पोर, हातात मेणबत्ती. त्यांना अपुरं माप-बिप सांगून उपयोग नाही. आई म्हटलं की कळतं.

पंचवटीचा पारायणी

मी ख्रिस्ती नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. तुमचा घोळ ‘सारखा’ या शब्दात आहे. आम्ही विठोबाला आईसारखा म्हणत नाही, विठाई म्हणतो. ज्ञानोबा पुरुष, तरी माउली. वारीत तर समोर येईल तो माउली, मग तो पोलीस असो की टँकरवाला. जनाबाईने विठ्ठलाला अंगाखांद्यावर पोरं घेतलेला लेकुरवाळा करून टाकला. आमच्या त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत कुणी विचारत नाही की देवाची माया आईपेक्षा किती इंच जास्त. तुम्ही मंडळी प्रेमाचाही स्टँपपेपर करता. करार काय, वचन काय!

शिवाय हे तुमच्याकडेही आलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू एकदमच म्हटलं. त्यांची बायको लक्ष्मीबाई आमच्या इथल्याच जलालपूरची.

देवळालीकर

प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. त्याने स्वतः हाक मारली ती ‘अब्बा’. उपमा वेगळी, नाव वेगळं. आई ही उपमा आहे, पिता हे नाव आहे. विषय संपला.

जेलरोडची मावशी

@देवळालीकर विषय तुझा संपला असेल. लूकच्या १५व्या अध्यायात उधळ्या पोराच्या बापाआधी कोण आहे ते बघ. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. ती गोष्टही देवाचीच.

शरणपूररोडकर

@पारायणी माउली, स्टँपपेपरवर हसलो, पण तिथेच माझा मुद्दा आहे. इब्रीत, म्हणजे हिब्रूत, दोन शब्द आहेत. एक ‘रखमीम’, म्हणजे कळवळा. हा ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या मुळातून आलेला. ४९:१५ मध्ये ‘करुणा’साठी तेच मूळ वापरलंय. ही झाली पोटातली माया. दुसरा शब्द ‘हेसेद’. मराठी बायबलमध्ये त्याला बहुतेक ठिकाणी ‘दया’ म्हणतात. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आणि २६ वेळा ‘त्याची दया सनातन आहे’. आम्ही लहानपणी कंटाळून मोजायचो, म्हणून आकडा पाठ आहे. पण दया म्हटलं की वरून खाली टाकलेलं काहीतरी वाटतं. हेसेद तसं नाही. माझ्या वडिलांना एक मित्र पतसंस्थेत जामीन राहिला होता. वडिलांचा धंदा बसला, हप्ते थकले. त्या माणसाने तीन वर्षं आपल्या पगारातून भरले आणि दिवाळीला आमच्याकडे येणं थांबवलं नाही, उलट फराळ घेऊन यायचा, कारण आमच्याकडे झालेला नसायचा. दिला शब्द जड गेला तरी पाळायचा आणि वर नातंही टिकवायचं, हे हेसेद.

माया आपोआप येते, म्हणून एखाद्या वेळी आपोआप आटतेही. मावशी, तुमची सगळी वचनं मायेची आहेत, मला मान्य. पण त्या ताईला माया कळत नाही, कारण तिला ती मिळालीच नाही. तिला जामीनदार कळेल.

सिन्नर फाटा

मला यातलं इब्री वगैरे येत नाही. ‘विसरणे’ या शब्दावर बोलतो.

माझी आई ८१ वर्षांची आहे. स्मृतिभ्रंश. दोन वर्षांपासून मला ओळखत नाही. मला ‘दाजी’ म्हणते, दाजी तिचा धाकटा भाऊ, वारला कधीच. जेवताना भाकरीचा मधला पापुद्रा काढते, त्यात गुळाचा खडा ठेवून घडी घालते आणि पदराच्या टोकाला बांधते. विचारलं तर म्हणते, पोरगा शाळेतून येईल. तो पोरगा मी. समोर बसलेलो असतो. ‘दाजी, तू खाऊ नको हां त्यातलं,’ असंही वर बजावते. संध्याकाळी बायको पदर धुवायला सोडते तेव्हा चार-चार गाठी निघतात, मुंग्या लागलेल्या.

आता तुमच्या हिशोबाने ही आई विसरली. देव विसरत नाही म्हणून तो मोठा. अहो, पण ती मला विसरलीय, माझी भाकरी विसरलेली नाही. न विसरणं हे प्रेमाचं माप कुणी ठरवलं? नुसतं न विसरण्याचंच असेल तर आमच्या गावचा सावकारही काही विसरत नव्हता.

पंचवटीचा पारायणी

सावकार! भाऊ, दंडवत.

शरणपूररोडकर

@सिन्नर फाटा, दोन वेळा वाचलं. मधे उठून पाणी पिऊन आलो.

थोडा बचाव करतो. बायबलमध्ये ‘आठवणे’ म्हणजे नुसतं डोक्यात असणं नाही. उत्पत्तीत देवाने नोहाची आठवण केली, असं आल्याबरोबर वारा सुटतो आणि पाणी ओसरायला लागतं. राहेलची आठवण केली आणि तिची कूस उजवली. आठवणे म्हणजे हात हलवणे. त्या अर्थाने तुमच्या आईने आठवण ठेवलीय, तिच्या पदराच्या गाठी हाच पुरावा. म्हणजे तुमचं उदाहरण वचनाच्या विरोधात जात नाही. पण ‘माया आटते’ हे मी फार सहज लिहिलं, तेवढं मागे घेतो.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, म्हणजे नर्स. बाळंतपणाच्या वॉर्डात १९ वर्षं. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही.

तुम्ही सगळे ‘टाकून गेलेली आई’ असं किती पटकन लिहिता. आमच्याकडे बाळ सोडून द्यायला तयार झालेल्या बाया येतात. बहुतेकींच्या मागे कुणीतरी उभं असतं, भाऊ, बाप, नाहीतर ज्याचं मूल तो. बालकल्याण समितीपुढे सहीचा कागद होतो आणि कायद्याने फेरविचाराला दोन महिने मिळतात. तोवर बाळ दत्तक जात नाही. हे त्यांना नीट कुणी सांगत नाही, आम्ही सांगतो. तिसऱ्या दिवशी दूध भरतं. बाळ वॉर्डात नसतं, पण शेजारच्या खाटेवरचं रडलं तरी हिचा गाऊन भिजतो. मग आम्ही छातीला घट्ट कापड बांधून देतो. बांधताना एकीही विसरलेली मला दिसली नाही. डोकं विसरायचं म्हणालं तरी अंग ऐकत नाही.

सहीनंतर सात आठवड्यांनी एक जण वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. समितीचं ऑफिस कुठे, एवढंच विचारलं. पुढे काय झालं मला माहीत नाही.

तेव्हा ‘कदाचित ती विसरेल’ हे ज्याने लिहिलं त्याने असा वॉर्ड पाहिला नव्हता. आणि विसरणं नेहमी बाईच्याच नावावर का? त्या वेढ्यात पोरं उपाशी मरत होती तेव्हा बापांना आणि राजाला काय विसर पडला होता, हे का लिहीत नाहीत? शेवटचं, राग मानू नका. तो न विसरणारा त्या रात्री कुठे असतो?

आस्तिक नाही, नाशिकचा आहे

विसरत नाही हो तो. फक्त येत नाही.

देवळालीकर

मानवाला स्वतंत्र इच्छा दिलेली आहे. त्यामुळे दोष देवाचा नाही.

रात्रपाळी

@देवळालीकर, बाळाला कुठली इच्छा? त्याचं वजन दोन किलो असतं.

जेलरोडची मावशी

@रात्रपाळी, बाई, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझा एक गेला, चार वाढवले म्हटलं ते पाचातले चार. तेव्हा फादर घरी आले होते. त्यांनी बायबल उघडलंच नाही, चहा केला सगळ्यांसाठी, आमच्याच स्वयंपाकघरात, साखर कुठेय विचारत विचारत. ते बरं वाटलं. देवाचं कळलं की नाही, ठाऊक नाही. आई म्हणते मी त्याला, कारण दुसऱ्या कुणापुढे असं तोंड वेडंवाकडं करून रडता येत नाही. बरोबर-चूक तुम्ही ठरवा.

शरणपूररोडकर

@रात्रपाळी ताई, बाईच्या नावावर का, हा आक्षेप पटला. होशेयच्या ११व्या अध्यायात पोराला हाताला धरून चालायला शिकवणं, खाली वाकून भरवणं हे सगळं आहे आणि मग देवच म्हणतो, तुला मी कसा सोडून देऊ, माझं काळीज उलटंपालटं होतंय. तिथे आई की बाप हे नाव घेऊन लिहिलेलं नाही. उपदेशाला ते जास्त बरं. ‘त्या रात्री कुठे’ यावर मीही गप्प. मात्र ४९:१६ राहून गेलं. पुढचंच वचन. मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे.

रात्रपाळी

तळहातावर आम्हीही लिहितो. खाट नंबर, इंजेक्शनची वेळ. हात धुतला की गेलं.

शरणपूररोडकर

तिथला शब्द लिहिण्याचा नाही, खोदण्याचा आहे. टाकीने दगडात खोदतात तसा.

रात्रपाळी

मग दुखत असेल.

सिन्नर फाटा

त्या गुलाबवाल्या ताईचं पुढे काय? हे सगळं तिला सांगितलं का कुणी?

शरणपूररोडकर

पुढच्या रविवारी आली होती, मागच्या बाकावर बसली. मी जामीनदाराची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, त्या माणसाचे पैसे तुम्ही फेडलेत का? फेडले नव्हते. वडील गेले आणि विषय राहूनच गेला. आता त्याचा पत्ता शोधतोय, ओझरकडे कुठेतरी मुलाकडे असतो म्हणे.

आणि पुढच्या मातृदिनाला १४व्या वचनापासून वाचायचं, असं पाळकांना सांगणार आहे.

पंचवटीचा पारायणी

पाळक ऐकतील?

शरणपूररोडकर

साडू आहेत माझे. माझं नाही ऐकणार, पण मेहुणी ऐकवेल.