वॉशिंग मशीन बंद पडली: दुरुस्त करायची की एक्सचेंजमध्ये देऊन मोकळं व्हायचं?

दारव्हेकर
घरच्या सेमी-ऑटोमॅटिकचं कपडे पिळायचं भांडं फिरेनासं झालंय. बटण फिरवलं की नुसता घूंऽऽ आवाज. मेकॅनिक म्हणतो मोटर जळली, मोटर आणि पाणी अडवणारं सील मिळून २,२०० रुपये. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, जुनी हजारात घेतो, फुल ऑटोमॅटिक १७ हजारांत घेऊन जा, हप्ते पाडून देतो. मशीन नऊ वर्षांची. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथं विषय काढला.

माझं मत दुरुस्तीचं. खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की जुनी फेका, असा हिशोब सगळे सांगतात. मला तो आपल्याकडे लागू पडत नाही असं वाटतं. जिथं फोन केला की दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात उभा राहतो तिथं ठीक. आपल्याकडे पहिला प्रश्न असा, की कोणता पार्ट गेला आणि तो बसवणारा माणूस तालुक्यात आहे का. सेमीमध्ये असतं काय? दोन मोटारी, टायमर, कपॅसिटर, बेल्ट. विहिरीवरची मोटर भरणारा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणारा माणूस ही उघडायला भीत नाही, आणि रिवाइंडिंगची दुकानं तर तालुक्याला चहाच्या टपऱ्यांइतकी. फुल ऑटोमॅटिकचा पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड गेलं की तो यवतमाळहून किंवा नागपूरहून येणार, आणि आल्यावर समजणार की मॉडेल बंद झालं.

सूनबाई अंजनगाव
दादा, दोन तटांपैकी कपडे धुणारा तट कोणता, ते आधी सांगा.

आमच्याकडं "दोनशे रुपयांचं तर काम आहे" असं म्हणत आधी बेल्ट झाला, मग टायमर, मग ड्रेनचा पाइप. मेकॅनिक दर वेळी "उद्या येतो". सोयाबीन सोंगणीला आलं की त्याचा उद्या उगवतच नाही, त्याचंही वावर आहेच की. तोवर चादरी, चिखलाचे पॅन्ट, लेकरांचे गणवेश कोणाच्या हातानं निघतात? कापूस वेचायला गेलं तर बाईला किलोमागे पैसे मिळतात. मोरीत बसून धुतलं तर काहीच नाही, म्हणून तुमच्या २,२०० मध्ये ते धरलेलंही नाही. नऊ वर्षं मशीननं काम केलं, आता तिला सोडा.

रिवाइंडिंगवाला
भाऊ, मोटर जळली हे पाह्यलं कोणं? मीटर लावलं का त्यानं? गुंगते म्हंजे जळलीच असं नाही. उलट गुंगून राह्यली म्हंजे तिच्यापर्यंत करंट पोचून राह्यला.

झाकण लावलं की ब्रेकची तार ओढल्या जाते अन् ब्रेक सुटते. तार ढिली झाली की ब्रेक धरूनच राह्यते, मोटर जोर लावते अन् गुंगते. प्लग काढा, मागचा पत्रा खोला, ती तार हातानं ओढून धरा अन् भांडं फिरवून पाहा. मोकळं फिरलं तर कपॅसिटरवर संशय, शंभर-दीडशेची वस्तू. जाम असलं तर ब्रेक, नाही तं खाली रुमाल-मोजा अडकला असन. कपॅसिटरले हात लावू नोका, प्लग काढल्यावरही झटका देते.

अजून एक. दिवसा फिरते अन् संध्याकाळी गुंगते असं असन तर व्होल्टेज पाहा. २३० च्या जागी १७० वर आलं की मोटर उचलतच नाही. त्यात मशीनचा काय दोष?

अन् मी दुरुस्तीचंच खातो, तरी सांगतो. टब तडकला अन् खालचा पत्रा गंजून गेला, असं दोन्ही झालं तं भंगारात द्या. गंजलेला पत्रा अन् नावापुरती अर्थिंग, ओल्या हातानं बाई तिथं उभी राह्यते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, त्यात कोणी पाणी टाकत नाही.

पुण्यातला वऱ्हाडी
सगळे मोटारीवर बोलताय. माझ्या आईची साठी उलटली. सेमीमध्ये ओले कपडे या भांड्यातून काढून त्या भांड्यात टाकावे लागतात. ओली चादर किती जड होते ते एकदा उचलून बघा. मी दिवाळीला सरळ फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेली फुल ऑटोमॅटिक पाठवणार आहे. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी असते. दुरुस्तीचा विषयच संपला.

खारपाणपट्टा
विषय सुरू होईल, संपणार नाही. गाव कोणतं त्यावर आहे. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खाऱ्या पाण्याचा हा पट्टा पसरलाय, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि फ्रंट लोडच्या हीटरवर थर चढतो. वान नदीच्या धरणावरची ८४ खेडी पाणीपुरवठा योजना आहे, पण नळाचं पाणी साठवून पुरवायचं असतं. टॉप लोड फुल ऑटोमॅटिक एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेते आणि साबणाचं पाणी स्वतःच सोडून देते. सेमीमध्ये आमच्या घरी त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी वावरातले कपडे निघतात. फ्रंट लोड पाणी कमी घेते हे मान्य, पण तिला नळाला दाब लागतो. टाकी मशीनपेक्षा तीन मीटर उंच असली तर जेमतेम ०.३ बार मिळतो. तुमच्या घरची टाकी कुठं आहे?

आणि वॉरंटीचं कार्ड वाचा. दहा वर्षं बहुतेक फक्त मोटरवर असतात. बेअरिंग, पीसीबी, दाराचं लॉक, माणसाची येण्याची फी त्यात येत नाही. काही फ्रंट लोडचा टब कारखान्यातच जोडून बंद केलेला असतो. त्यात बेअरिंग गेलं की पूर्ण टबच बदलावा लागतो.

पुण्यातला वऱ्हाडी
टाकी मोरीच्या छतावर आहे. मोजायला सांगतो. पण आईच्या कमरेचं उत्तर कोणी दिलं नाही.

सूनबाई अंजनगाव
पाण्याचं मला पटलं, तरी माझं म्हणणं तेच. फुल ऑटोमॅटिक नको तर नवी सेमी घ्या, दहा-अकरा हजारांत येते. तुम्ही दोघं असं बोलताय जणू एकीकडं जुनं खटारं आणि दुसरीकडं १७ हजारांची पेटी, मधे काहीच नाही.

कमरेचं विचारता तर सांगते. आईला मशीन पाठवा, पण गणपतीला आलात की चादरी तुम्ही पिळा.

ग्राहकमित्र
सरकारचं "राइट टू रिपेअर" पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, घरगुती उपकरणंही त्यात आहेत. मॅन्युअल, सर्व्हिसची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. कंपनी पार्ट नाही म्हणाली तर ऐकून घेऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही.

रिवाइंडिंगवाला
पोर्टल चांगलंच आहे साहेब. पण पोर्टल काही मोटरसायकलवर बसून गावात येत नाही. अन् दोन हजाराच्या मोटरसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तारखा कोण करते?

ग्राहकमित्र
तारखा केल्या नाहीत म्हणूनच कंपन्या आपल्याकडं माणूस ठेवत नाहीत. तुमच्यासारख्यांच्या जिवावर त्यांचं भागतंय.

दारव्हेकर
हप्त्यांविषयी कोणीच बोललं नाही. बिनव्याजी म्हणतात, पण रोखीची सूट जाते आणि प्रोसेसिंग फी वेगळी. कापूस निघाला की पैसा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. मला ते ओझं नको. सूनबाईंचं नव्या सेमीचं म्हणणं मात्र घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या बाईचा नंबर मिळते का?"

खारपाणपट्टा
विषय निघालाच आहे तर, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांसोबत टाकू नका, मशीन जुनी असो की नवी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, आणि ते पाणी गुरांच्या हौदाकडं जाऊ देऊ नका. आमच्या पांढरे-रंगीत-वावरातले या क्रमातही ते येत नाहीत.

सूनबाई अंजनगाव
हे बरं सांगितलं. आमच्याकडं मशीन आल्यापासून सगळं एकत्रच ढकलतात.

दारव्हेकर दादा, नंबर नाही देत, निरोप देते. दुरुस्तच करायची असेल तर मशीन परत फिरेपर्यंत धुणं कोण धुणार, ते मेकॅनिकला फोन करायच्या आधी ठरवा.

रिवाइंडिंगवाला
अन् मोटर खरंच जळली निघाली तर जुनी मोटर मागून घ्या. तांब्याची असन तर भरता येते, ॲल्युमिनियमची असन तर भरण्यात पैसे घालू नोका, नवीच टाका. सील मात्र संगच बदलायले लावा. वरून पाणी ठिबकत राह्यलं तर नवी मोटरही तशीच जाईन, मग २,२०० चा वाद पुन्हा पह्यल्यापासून.