नवा माठ पाझरतो, परत करू का?

रानवारा: परवा काळा माठ आणला. रात्रभरात खालच्या ताटलीत वाटीभर पाणी साचलं. तडा दिसत नाही. परत करू का?

कुंभाराची लेक: एवढ्यात नको हो. पाझरतो म्हणूनच गार करतो. बाहेर आलेलं पाणी वाळताना आतली उष्णता ओढून घेतं. माठ रिकामा करून टिचकी मारा. खणखणीत वाजला तर पक्का भाजलाय, बदबद आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. आमचे आबा प्रत्येक मडक्याला असा कान लावायचे. चाकावरून उतरलेलं मडकं जरा सुकलं की आतून गोल दगड धरून बाहेरून थापटण्याने, म्हणजे लाकडी फळीने, बुड थोपटायचे. उजव्या तळव्याला घट्टा पडला होता त्यांच्या. मातीत लीद कालवलेली असते. ती आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळते नि बारीक छिद्रं राहतात. धूर कोंडून भाजलं की काळा रंग येतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ही गोष्ट आबा काम करताकरता सांगायचे.

रानवारा: खणखणीत वाजला! पण मी आतून साबणाने घासलाय.

कुंभाराची लेक: साबण मातीत मुरतो. गरम पाणी नि नारळाच्या शेंडीने घासा, दोन-तीनदा पाणी बदला, उन्हात वाळवा.