मदत हवी आहे: पोलंडमध्ये मशीनसाठी युरोपीय निधीतलं कर्ज, पण शिरोलीची फौंड्री आडवी येईल का?

विस्वोककाठची

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, पण इथे युरोपात धंदा करणारे आणि सरकारी निधीच्या कामात असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

आम्ही पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, झेशुफला राहतो. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचा मोठा पट्टा आहे इथे, 2003 पासून त्यांची 'डोलिना लोत्निचा' नावाची संघटनाही आहे. आमचं छोटं मशीन शॉप, 14 माणसं. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पुरवठादारांची जॉबवर्क करतो. शिवाय नवऱ्याच्या घरची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे, तिथून पंपाच्या बॉडीची कास्टिंगं येतात, ती मशीन करून आम्ही इथल्या गिऱ्हाइकांना देतो. आमच्या कंपनीत 30 टक्के भाग फौंड्रीच्या नावावर आहे, उरलेले 70 आम्हा दोघांचे. फौंड्री सासरे, मोठे दीर आणि नवरा अशा तिघांची. तिथे साधारण 240 माणसं.

आता फाइव्ह ॲक्सिस मशीन घ्यायचंय, किंमत 15 लाख झ्वोटी. बँक द्यायला तयार आहे पण व्याज ऐकून पोटात गोळा येतो, वर घर तारण मागतात. एका सल्लागाराने सांगितलं की अनुदानाची फेरी सध्या बंद आहे, प्रादेशिक निधीतून स्वस्त कर्ज घ्या, त्यातलं थोडं नंतर माफही होतं. त्याची फी मंजूर रकमेच्या 6 टक्के. मशीनवाला म्हणतो, महिनाअखेर 10 टक्के ॲडव्हान्स भरा, नाहीतर डिलिव्हरी पुढच्या वर्षावर जाईल.

हे कर्ज म्हणजे नक्की काय प्रकार आहे? ॲडव्हान्स भरावा का? आणि सल्लागाराच्या फॉर्मवर 'संलग्न उद्योग' असा रकाना आहे, तो म्हणतो 'तिथे काही लिहू नका, भारतातली कंपनी कोण बघतंय'. हे मला पटलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

खवचट_खंडू

कर्जमाफी तिकडेही पोचली म्हणायची! आता फक्त विहिरी आणि मोटारी राहिल्या. जोक अपार्ट, ताई, सरकारी पैशाच्या नादी लागू नका. व्याजात वाचवाल ते कागद गोळा करण्यात घालवाल.

व्रोत्सवाफचा_बंड्या

खंडूशेठ, तुम्ही कधी घेतलंय का? मी घेतलंय. माझी दातांच्या कवळ्यांची लॅब आहे, मिलिंग मशीनसाठी घेतलं. व्याज बाजाराच्या बरंच खाली, प्रोसेसिंग फी शून्य, सुरुवातीचे काही महिने हप्ताही नव्हता.

ताई, एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. पैसा युरोपचा असला तरी समोर बसणारा माणूस कर्ज देणाराच असतो. ब्रुसेल्सहून कोणी चेक पाठवत नाही. प्रांताचं मार्शल कार्यालय, म्हणजे प्रांत सरकारची कचेरी, पैसा बाजूला काढतं, बहुतेक ठिकाणी तो बीजीके या सरकारी बँकेकडे जातो, ती स्थानिक पतसंस्था, बँका, विकास फंड यांना वाटते आणि ते आपल्याला. त्यामुळे तारण लागतंच. माझ्याकडून कोरी वेक्सेल, म्हणजे रक्कम न लिहिलेली वचनचिठ्ठी, सही करून घेतली, ती कधी आणि किती रकमेला भरायची याचा करार वेगळा. बायकोचीही सही लागली. ती अजून त्या दिवसाची आठवण काढते.

सल्लागाराला 6 टक्के? 15 लाखांवर 90 हजार झ्वोटी होतात! प्रत्येक प्रांतात युरोपीय निधीची माहिती केंद्रं आहेत, तिथे सल्ला फुकट मिळतो आणि लोक खरंच नीट सांगतात. आधी तिथे जा.

लक्झेंबर्गी

मी निधीच्या तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचे दोन परिच्छेद तरी वाचा.

प्रादेशिक विकास निधी 1975 पासूनचा. सुरुवातीपासून मुख्यतः अनुदानं. 2007 ते 2013 च्या फेरीत 'जेरेमी' नावाने लहान उद्योगांसाठी कर्ज, हमी आणि भागभांडवल असा प्रकार जोरात सुरू झाला. कल्पना साधी होती: अनुदान एकदा दिलं की गेलं, कर्ज परत येतं आणि पुढच्याला देता येतं. पोलंडमध्ये हे चांगलं रुजलं. पोझनानच्या प्रांताने परत आलेल्या पैशावर स्वतःचा विकास फंडच उभा केला. सगळीकडे असं झालं नाही. बऱ्याच देशांत फंडात गरजेपेक्षा जास्त पैसा ओतून ठेवला आणि तो उद्योगांपर्यंत पोचेना, यावर युरोपीय लेखापरीक्षकांनी 2016 च्या अहवालात बरंच सुनावलं आहे. आता नियम असा की व्यवहार्य वाटणाऱ्या पण बाजारातून पुरेसा पैसा न मिळणाऱ्या कामालाच हे कर्ज द्यायचं. बँकेने नकार दिलाच पाहिजे असं नाही, पण 'बँक आनंदाने देतेय, मला फक्त स्वस्तात हवंय' असं अर्जात लिहू नका.

माफीबद्दल: 2021 ते 2027 च्या नियमांत कर्ज आणि अनुदान एकाच करारात जोडायची सोय आहे, पण अनुदानाचा भाग कर्जाच्या भागापेक्षा मोठा असता कामा नये. काही प्रांत, काही योजनांत याचा वापर करून ठरावीक टक्के सोडतात, तेही अटी पाळल्या तर. बीजीकेचं पर्यावरण कर्ज याच पठडीतलं: ऊर्जेची बचत किमान 30 टक्के दाखवली की बँकेच्या कर्जाचा काही भाग निधीतून फेडला जातो. ते नव्या क्षमतेच्या मशीनला बसेलच असं नाही. तुमच्या प्रांताच्या योजनेत माफी आहे की नाही हे योजनेच्या कागदावर बघा, सल्लागाराच्या तोंडावर नको.

आता पैशाचा हिशेब. स्वस्त व्याज हीसुद्धा सरकारी मदतच मानली जाते. बाजाराचा दर आणि तुमचा दर यांत 4 टक्क्यांचा फरक आहे आणि 15 लाख तुम्ही 7 वर्षांत समान हप्त्यांनी फेडताय असं धरा. सरासरी बाकी साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे फायदा साधारण 2 लाख 10 हजार झ्वोटी, सुमारे 50 हजार युरो. आजच्या किमतीला आणलं की आणखी कमी. 'किरकोळ मदत', म्हणजे फारशा अटी नसलेली छोटी सरकारी मदत, हिची मर्यादा 2024 पासून तीन वर्षांत 3 लाख युरो आहे, तिच्यात हे आरामात बसतं. पण आधी कुठली सवलत घेतली असेल, अगदी करोनाकाळानंतरची एखादी हमीसुद्धा, तर ती याच मर्यादेत धरली गेली आहे का बघा.

ॲडव्हान्स: इथेच लोक फसतात. प्रादेशिक गुंतवणूक मदत हवी असेल तर अर्जाच्या आधी काम सुरू झालेलं चालत नाही, आणि मशीनची पहिली पक्की ऑर्डर म्हणजेच काम सुरू. जमीन घेणं, परवाने काढणं, अहवाल करून घेणं चालतं. ॲडव्हान्स भरलात की ते दार बंद. किरकोळ मदतीत ही अट इतकी कडक नाही, तिथे निर्णयाच्या दिवशी गुंतवणूक पूर्ण झालेली नसली की पुरतं. पण योजना स्वतःची जास्त कडक अट घालू शकते. अनुदानाची फेरी पुढे उघडली तर अर्ज करायचाय असा किंचितही विचार असेल तर महिनाअखेरीला काहीही भरू नका. मशीनवाल्याकडून लेखी घ्या की ऑर्डर कर्जमंजुरी झाली तरच पक्की. असे करार ते रोज करतात.

विस्वोककाठची

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार. बंड्यादादा, तुमच्या बायकोचं वाचून नवऱ्याने आताच हात झटकले. ॲडव्हान्स थांबवते. पण फौंड्रीचं काय?

लक्झेंबर्गी

तो प्रश्न मुद्दाम वेगळा ठेवला होता, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. लहान-मध्यम उद्योगाची 2003 पासूनची व्याख्या अशी: 250 पेक्षा कमी माणसं, आणि शिवाय उलाढाल 5 कोटी युरोपर्यंत किंवा ताळेबंद 4.3 कोटींपर्यंत. 50 पेक्षा कमी माणसं असतील तर लहान. गंमत अशी की कंपन्या जगात कुठेही असोत, त्या मोजल्या जातात. 'भारतातली कोण बघतंय' म्हणणारा सल्लागार तुम्हाला खोटं जाहीरपत्र सही करायला सांगतोय. पकडलं गेलं तर पैसे व्याजासकट परत, आणि सही तुमची.

नुसते 30 टक्के असते तर फौंड्री 'भागीदार' ठरली असती: 240 चे 30 टक्के 72, अधिक तुमचे 14, एकूण 86, म्हणजे मध्यम. पण तुमच्याकडे दुसरीही साखळी आहे. नवरा-बायको इथे 70 टक्के, आणि नवरा, भाऊ, वडील तिथे सगळे. कुटुंबातली माणसं एकत्रच वागतात असं युरोपीय आयोग धरून चालतो. वर फौंड्री कास्टिंग बनवते आणि तुम्ही तेच मशीन करता, म्हणजे थेट मागचा-पुढचा बाजार. अशा वेळी दोन्ही कंपन्या जोडलेल्या मानतात आणि सगळी माणसं धरतात. 240 अधिक 14, म्हणजे 254.

विस्वोककाठची

म्हणजे 5 माणसांनी गेलं?

ताळेबंद

थांबा ताई, लगेच रडू नका. मी कोल्हापुरात सीए आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचे हिशेब बघतो. 240 हा आकडा कुठून आलाय? दिरांनी फोनवर सांगितलेला? फौंड्रीवाले गेटवरून आत येणारं डोकं मोजतात.

लक्झेंबर्गी यांना विचारतो: आयटीआयचे शिकाऊ धरतात का?

लक्झेंबर्गी

चांगला प्रश्न. शिकाऊ कराराखालचे धरत नाहीत. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बायकाही नाहीत. अर्धवेळ आणि हंगामी माणूस जितका काळ काम केलं तितकाच, अपूर्णांकात. म्हणजे वर्षाची सरासरी काढायची, एका दिवसाची हजेरी नाही.

आणि उलाढालीचं काय? डोक्यांचा आकडा पाळावाच लागतो, पैशाच्या दोनांपैकी एक पुरतं.

विस्वोककाठची

दिरांशी बोलले. त्यांना आधी वाटलं इनकम टॅक्सचं काही निघालं. उलाढाल शंभर कोटी रुपयांच्या आत आहे, म्हणजे तिकडून धोका नाही. माणसांची मार्चअखेरची यादी मागवली: 243, त्यात 34 शिकाऊ करारावर. म्हणजे 209 अधिक आमचे 14, 223. बसतंय ना?

ताळेबंद

फेटलिंगची माणसं त्या 243 मध्ये आहेत? बहुतेक फौंड्र्यांत कास्टिंगचं घासकाम ठेकेदाराच्या माणसांकडे असतं आणि त्यांचा पीएफ ठेकेदाराच्या नावाने भरला जातो. दिरांना विचारा, आणि या वेळी 'कंपनीचे किती' असं नको, 'आवारात काम करणारे एकूण किती आणि कोणाच्या मस्टरवर' असं विचारा.

विस्वोककाठची

विचारलं. ठेकेदाराची 40 आहेत, यादीत नाहीत.

खवचट_खंडू

263. मी आधीच म्हणालो होतो.

लक्झेंबर्गी

इतकी घाई नको. व्याख्येत दोन अटी आहेत: माणूस कंपनीच्या हाताखाली काम करतो का, आणि त्या देशाच्या कायद्याने तो तिचा कर्मचारी ठरतो का. तात्पुरती माणसं यात धरली जाऊ शकतात, म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. पण दुसऱ्या अटीचं उत्तर भारतातला कायदा देईल, मी नाही.

ताळेबंद

1970 चा कंत्राटी कामगार कायदा 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत गेला, पण त्यावर उभी राहिलेली पद्धत बघितली तर ठेकेदाराची माणसं ठेकेदाराची. पण ठेका नुसता कागदावर असेल, म्हणजे हजेरी फोरमन घेतो, रजा फोरमन देतो, आणि ठेकेदार फक्त पगाराच्या दिवशी दिसतो, तर कोर्टं ती कंपनीचीच धरतात. शिरोलीत दोन्ही प्रकार आहेत. करार, ठेकेदाराचं लायसन, त्याचे पीएफ चलन आणि हजेरीपुस्तक एवढं पाठवायला सांगा. त्यावरून मी नाही तर तुमच्या फौंड्रीचा सीए प्रमाणपत्र देईल, त्याचं शपथपूर्वक पोलिश भाषांतर लागेल.

व्रोत्सवाफचा_बंड्या

भाषांतर फक्त यादीतल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच. मराठीचा मिळायचा नाही, कागद इंग्रजीतच मागवा.

लक्झेंबर्गी

आणि समजा ती 40 धरलीच, तरी सगळं संपत नाही. सध्याच्या नियमावलीत मोठ्या उद्योगांना प्रादेशिक निधीतून उत्पादनवाढीसाठी अनुदान जवळजवळ बंद आहे, पण मध्यमच्या किंचित वर असलेल्या, 499 माणसांपर्यंतच्या उद्योगांना कर्ज किंवा हमी या मार्गाने देता येतं. तुमच्या प्रांताने त्यासाठी योजना काढली आहे का, हा वेगळा प्रश्न. माहिती केंद्रात जाताना हाच प्रश्न लिहून न्या आणि उत्तर ईमेलवर मागा. ठेकेदाराच्या माणसांचंही तसंच, मार्शल कार्यालयाकडून लेखी. तोंडी 'चालेल' म्हणणारा माणूस तपासणीच्या दिवशी सुट्टीवर असतो.

घाईचंही कारण नाही. 2021 ते 2027 च्या या फेरीतला खर्च किमान 31 डिसेंबर 2029 पर्यंत धरला जातो. एखाद्या योजनेतला पैसा आधी संपू शकतो, म्हणून फार रेंगाळू नका.

विस्वोककाठची

सोमवारी माहिती केंद्राची वेळ मिळाली आहे. सल्लागाराला 'नको' असं कळवलं, त्याने 'मग स्वतःच करा' म्हणून फोन ठेवला. मशीनवाला मंजुरीच्या अटीवर ऑर्डर घ्यायला तयार आहे, पण किंमत दोन महिनेच धरून ठेवतो म्हणतो. दिरांनी हजेरीपुस्तकाचे फोटो पाठवलेत, त्यावर सही फोरमनची दिसतेय. ताळेबंद काका, तुम्हाला व्यनि केला आहे, बघाल का?

ताळेबंद

बघतो. ठेकेदाराचा करार पण पाठवा, नुसत्या सहीवरून काही सांगत नाही.