धरमतर खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात ट्रोलिंग, जिताडा का लागत नाही?

मुलुंडचा_गळवाला
नमस्कार मंडळी. मित्राची छोटी फायबरची होडी आहे, ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे लावायचं इंजिन), रेवसच्या बाजूला लावलेली असते. खाडीच्या तोंडाशी कडेकडेने सहा-सात फूट पाणी मिळतं तिथे आम्ही दोन रॉड मागे सोडून ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे ल्यूर (नकली मासा) ओढतो, आणि लागतं काय तर शिंगाळा, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी. जिताडे तिथे आहेत हे नक्की, कारण बाजूचे जाळीवाले घेऊन जाताना दिसतात. यूट्यूबवर ते अमेरिकावाले नदीच्या मुखाशी वॉलाय मासा अशाच उथळ पाण्यात धडाधड काढतात ते बघून आम्हालाही जोर आला. ल्यूर बारा फूट खोल जाणारं आहे, दोरी साधारण पंधरा मीटर मागे, जीपीएसवर स्पीड ताशी पाच किलोमीटरच्या आसपास ठेवतो. काय बदलू? की ट्रोलिंग सोडून सरळ गळाला जिवंत कोळंबी लावून गरवत बसू?

खाडीकाठ
अरे बारा फुटाचं ल्यूर सहा फुटात ओढलंस तर गाळच नांगरणार ना ते. तीन-चार फूट जाणारं छोट्या लिपचं (तोंडापुढची पट्टी) तरंगतं ल्यूर घे. आणि पंधरा मीटर फारच कमी, एवढ्या उथळ पाण्यात इंजिनाचा आवाज थेट तळाला जातो, होडी डोक्यावरून गेली की मासा बाजूला सरकतो आणि परत यायला वेळ घेतो, तोवर तुझं ल्यूर पुढे निघून गेलेलं असतं. तीस-चाळीस मीटर सोड. फक्त एक लक्षात ठेव की दोरी लांब सोडली आणि ती बारीक ब्रेडेड (विणलेली) असली की तेच ल्यूर अजून खोल जातं, म्हणून डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, अधूनमधून तळाला टकटक लागली पाहिजे, सतत घासत असेल तर दोरी थोडी आत घे.

आता स्पीड. तू जीपीएस बघतोयस तिथेच गडबड आहे. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, ल्यूरला त्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याला पाण्यातला वेग कळतो. ओहोटीचं पाणी ताशी तीन किलोमीटरने बाहेर चाललंय आणि तू त्याच दिशेने पाचने चाललायस म्हणजे ल्यूरला मिळाले फक्त दोन, ते मेल्यासारखं येतं. उलट फिरून पाण्याच्या विरुद्ध पाचने गेलास की झाले आठ, ल्यूर आडवं होऊन गरगर फिरतं. स्क्रीन बंद कर आणि रॉडच्या टोकाकडे बघ, टोक एकसारखं थरथरत असेल तर बरोबर. थरथर थांबली म्हणजे कचरा अडकला, लगेच काढ, नाहीतर अर्धा तास पिशवीच फिरवत बसशील.

सरळ रेषेत पण नको जाऊस. नागमोडी जा. वळताना बाहेरच्या बाजूचं ल्यूर जोरात पळतं, आतलं मंदावून वर येतं, कुठल्या रॉडला मासा लागला त्यावरून कळतं त्याला आज जलद पाहिजे का सावकाश.

गिरगाव_ते_टोलेडो
मी इथे अमेरिकेत मॉमी नदी जिथे लेक ईरीला मिळते तिथेच राहतो, वॉलायवर बरेच वीकेंड घातलेत म्हणून लिहितो. ते व्हिडिओ बघताना दोरीला बांधलेली छोटी फळी दिसली असेल, तिला प्लेनर बोर्ड म्हणतात. ती ल्यूरला होडीच्या बाजूला लांब नेते, म्हणजे होडी ज्या पाण्यावरून गेलीच नाही तिथून ल्यूर जातं. उथळ पाण्यात सगळी जादू तीच. पण रेवसला ते चालेल असं मला वाटत नाही, जाळी, लाँच, बार्ज, कशात ना कशात अडकणार. इथे तळं आहे, भरती-ओहोटी म्हणावी तशी नाही, पाणी वाऱ्याने इकडचं तिकडे होतं. वॉलायचे डोळे कमी उजेडात चांगलं बघतात म्हणून लोक संध्याकाळी आणि रात्री किनाऱ्यालगत ट्रोल करतात. जिताड्याचं पण तसंच, त्याचेही डोळे टॉर्चमध्ये चमकतात. एवढंच तिकडून उचला, बाकी ताशी दोन-तीन किलोमीटरचा त्यांचा वेग जिताड्याला मला तरी कमी वाटतो.

करंजाची_सून
सगळे ल्यूर ल्यूर करताय, पाण्याचं कोणी विचारलं नाही भाऊंना. कधी जाता तुम्ही? भरतीला मासा खारफुटीत आत पसरतो, तिथे तुमची होडी जाणार नाही. ओहोटीचे शेवटचे दोन तास धरा, आतलं सगळं पाणी छोट्या नाल्यांतून बाहेर येतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोय मासे येतात आणि जिताडा नाल्याच्या तोंडाशी तोंड लावून बसलेला असतो. गढूळ आणि त्यातल्या त्यात निवळ पाण्याची जिथे रेघ दिसते त्या रेघेवरून ओढा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी चहासारखं होतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) पाणी हलतच नाही, मधले दिवस चांगले.

आणि डोली (एका जागी बांधलेली जाळी) लागलेल्या असतात तिकडे, त्यांचे तरंगते बोये (खुणेचे डबे) दिसले की लांबून जा. एखाद्याच्या जाळ्यात तुमचे तिहेरी गळ अडकले तर शिव्या खाल आणि त्या बरोबर असतील. ओहोटीत कडेला फार घुसू नका, होडी गाळात बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, आउटबोर्ड पण त्यातच धरा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताडा अंडी घालायला येतो, आणि हा मासा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठा दिसला तो बहुतेक मादीच. सोडा न सोडा तुमची मर्जी, आमचे सासरे सोडत नाहीत 😄 पण कल्ल्याला हात लावू नका, ब्लेड असतं.

मुलुंडचा_गळवाला
खूप धन्यवाद सगळ्यांना. आम्ही निघतो तेव्हा नेमकी भरती असते बहुतेक, सकाळी सातला पोचतो, जो रविवार मिळेल तो. भरतीचं अॅप कुठलं वापरता?

करंजाची_सून
अॅप कशाला, कालनिर्णय आहे ना घरी. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. पंचमीला पावणेचार, त्यात सहा तास मिळवले की पावणेदहा-दहाला ओहोटी, म्हणजे आठला ल्यूर पाण्यात हवं. थोडं इकडेतिकडे होतं पण ट्रोलिंगला पुरतं.

खाडीकाठ
+१. आणि लीडर (ल्यूरच्या आधीचा दोरीचा तुकडा) जाड लाव, चाळीस पौंडाच्या खाली नको, तिकडचे खुंट कालवांनी भरलेत. पहिल्या झटक्यात मासा उडी मारतो तेव्हा होडी थांबवू नकोस लगेच, दोरी सैल पडली की गेला. कोळंबी पण घेऊन ठेव बरोबर, पाणी थांबलं की नांगर टाकून गरवायला बरी.