मदत हवी आहे: काळ्या मातीतला पाऊसबाग-खड्डा तुंबतोय

कोल्हापुरात, जयंती नाल्याच्या बाजूला. 120 चौ.मी. गच्चीचं पाणी 6×3 मी., 30 सेंमी खोल पाऊसबागेत (पाणी जमिनीत मुरवणारा, झाडं लावलेला खड्डा) सोडलंय. रचना ओढ्याकाठासारखी: तळाला वाळा, लव्हाळा, उतारावर अडुळसा, काठावर करंज. माती पाणी ताशी जेमतेम 4 मिमी पिते, म्हणजे भरलेला खड्डा रिकामा व्हायला तीन दिवस. अडुळसा कुजला, वाळा मजेत!

थोडी वाळू मिसळली, तर माती विटेसारखी घट्ट झाली (ही चूक करू नका). तळातून पाईप काढता येत नाही, बाहेरचं गटार फक्त 15 सेंमी खोल. जागा वाढणार नाही, पंप नको. मुरूम (पाणी मुरू देणारा भुसभुशीत खडकाचा थर) 1.4 मीटरवर लागतो.

डास होऊ नयेत म्हणून 48 तासांत पाणी संपायला हवं. मग 15 सेंमीवर सांडवा काढून वरचं पाणी गटारात सोडू, की मुरमापर्यंत खडीचे चर खणू? आणि चर खणले तर नाल्याला पूर आल्यावर त्यातूनच पाणी उलटं वर येईल का?